सपाट छतातल्या काचेला पडदा: आधी बाजू ठरवा, मग कापड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घराच्या मागच्या बाजूला वाढवलेल्या खोलीच्या सपाट छतात दोन काचा बसवल्या आहेत. जेवणाच्या टेबलावरची १ मीटर बाय १ मीटरची, मोटरने उघडणारी. बसायच्या जागेवरची १ मीटर रुंद, २ मीटर लांब, कायमची बंद. दुपारी खोलीत बसवत नाही, टीव्हीवर काही दिसत नाही, आणि पाहुणे तिथे झोपले की उजाडताच उठून बसतात. प्लास्टर, रंग सगळं झालेलं आहे. दुकानदार म्हणतो ब्लॅकआउट रोलर (उजेड पूर्ण अडवणाऱ्या कापडाचा, नळीवर गुंडाळला जाणारा पडदा) घ्या, मैत्रीण म्हणते हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ कप्प्यांचा पडदा) घ्या. यातलं कोणतं?

मी गेली बरीच वर्षं छतातल्या काचांसाठी पडदे मोजते आणि बसवते. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं कापडाचे नमुने हातात घेऊनच येतात, तुमच्या दुकानदारानं आणि मैत्रिणीनंही सुरुवात तिथूनच केली आहे. पण तुमच्या तक्रारी तीन आहेत: उकाडा, चकाकी आणि पहाटेचा उजेड. एकच पडदा या तिन्हींवर चालवायला गेलं की चकाकी जाते, उजेडही जातो, आणि उकाडा मात्र जवळजवळ तसाच राहतो. मग लोक म्हणतात पडदा फसवा निघाला. पडदा फसवा नसतो, तो काचेच्या चुकीच्या बाजूला असतो.

म्हणून आधी उकाड्याचं बोलू. निरभ्र दिवशी सूर्य डोक्यावर असताना आडव्या काचेच्या दर चौरस मीटरवर साधारण १००० वॉट ऊन पडतं. साध्या दुहेरी काचेतून त्यातलं ७०० वॉटच्या आसपास आत येतं. तुमच्या दोन्ही काचा मिळून ३ चौरस मीटर झाल्या, म्हणजे भर दुपारी छतातून २ किलोवॉटचा हीटर चालू आहे असं धरा. भिंतीतल्या खिडकीला दुपारचं ऊन तिरकं लागतं, छतातल्या काचेला ते थेट लागतं. त्यातही तुम्ही राहता कुठे यावर बरंच अवलंबून आहे. २० अंश अक्षांशावर उन्हाळ्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि भर हिवाळ्यातही दुपारी ४६ अंशांवर असतो, म्हणजे ही काच बारा महिने तापणार. ५० अंशांवर उन्हाळ्यात तो ६३ अंशांपर्यंत चढतो, पण हिवाळ्यात जेमतेम १६ अंशांवर राहतो. तिथे उन्हाळ्यात ऊन अडवायचं असतं आणि हिवाळ्यात ऊब धरून ठेवायची असते, म्हणजे एकाच काचेकडून दोन उलटी कामं करून घ्यायची असतात.

आता पडदा काचेच्या आत लावला की काय होतं ते पाहा. ऊन काचेतून आत येतं, कापडावर पडतं, कापड तापतं. तापलेलं कापड जी उष्णता बाहेर टाकतं ती वेगळ्या जातीची असते, आणि ती काचेतून आरपार परत जात नाही. काच ऊन आत सोडते, पण तापलेल्या वस्तूची धग बाहेर सोडत नाही. ती धग मग खोलीतच उतरते. म्हणून आतल्या पडद्याला एकच संधी असते: ऊन तापवायच्या आत त्याला उन्हाच्याच रूपात परत बाहेर फेकायचं. त्यासाठी कापडाची काचेकडची बाजू पांढरी किंवा चंदेरी हवी. काळ्या पाठीचा ब्लॅकआउट रोलर अंधार उत्तम करतो, पण उन्हाळ्यात छताखाली तो चक्क एक तापलेला तवा असतो.

चांगल्या चंदेरी पाठीचा आतला पडदाही आत येणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने पाव ते एक तृतीयांश अडवतो. काचेच्या बाहेर, तिच्यावर ताणलेली जाळी सहज तीन चतुर्थांश अडवते, कारण कापड तापलं तरी ती धग बाहेरच्या वाऱ्यात निघून जाते. आणि काच आधीच ऊन अडवणारी, लेप दिलेली असेल, तर आतल्या पडद्याचा फायदा आणखी घटतो, कारण त्यानं परत फेकलेलं ऊनही तो लेप पुन्हा अडवतो.

पण पैसे खर्च करण्याआधी एक गोष्ट करून बघा. ऐन उन्हाच्या दिवशी, वारा नसताना, दोन्ही काचांवर बाहेरून जाड पांढरी चादर घाला, कडांना वजन ठेवा, आणि खोलीतलं तापमान चादर नसलेल्या तशाच दिवसाशी ताडून बघा. वाढीव खोल्यांना बहुतेक वेळा एका बाजूला मोठी काचेची दारंही असतात. चादर घालून फारसा फरक पडला नाही, तर गुन्हेगार छत नसून दारं आहेत, किंवा छताला उष्णतारोधक थरच नीट दिलेला नाही. अशा वेळी मी पडद्याची ऑर्डर घेत नाही. फरक पडला, तर पुढे वाचा.

तुमच्या मोठ्या, बंद काचेला मी बाहेरची जाळीच सुचवेन. ती काच उघडत नाही, त्यामुळे वर चौकट आली तरी कशाला अडत नाही. जाळीच्या विणीत किती टक्के मोकळी जागा आहे त्यावरून तिचे प्रकार असतात: ३, ५, १० टक्के. छतासाठी ३ ते ५ टक्के बरी. आकाश धूसर का होईना दिसत राहतं आणि खोली दिवसा गुहेसारखी होत नाही. बहुतेक अशा जाळ्या छोट्या सौर पट्टीवर चालतात, त्यामुळे वायर आत आणण्यासाठी छताला भोक पाडावं लागत नाही, आणि ते पाडूही नका. चौकट काचेच्या फ्रेमला स्क्रूने बसते; काचेभोवती उचललेल्या कठड्यावरच्या जलरोधक थरात स्क्रू मारणारा कारागीर दिसला तर त्याला तिथेच थांबवा. पडद्यासाठी मारलेल्या एका स्क्रूमुळे पहिल्याच पावसात छत गळायला लागतं, आणि मग काचवाला पडदेवाल्याकडे आणि पडदेवाला काचवाल्याकडे बोट दाखवतो.

बाहेरच्या जाळीचे तोटेही सांगते. पानं, धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा तिच्यावरच पडणार, म्हणून छतावर कुणाला सुरक्षितपणे जाता येतं का हे आधी पाहा. वाऱ्याचा जोर असतो तिथे जाळी गुंडाळून ठेवण्याची सोय आणि शिस्त हवी; वारा ओळखून आपोआप गुंडाळणारा सेन्सर मिळत असेल तर घ्या. बर्फ पडत असेल तर तो मोसम सुरू होण्याआधी ती गुंडाळलीच पाहिजे. छतावर जायला वाटच नसेल तर माझं मत बदलतं. मग आतला पडदा आणि काचेचा प्रकार एवढ्यावरच खेळावं लागतं. काचेवर आतून चिकटवायची फिल्म हा लोकांचा आवडता जुगाड आहे. दुहेरी काचेवर ती लावली की आतली काच जास्त तापते आणि काही वेळा तडकते, हमी जाते ती वेगळीच. काच बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय फिल्म लावू नका.

आता आतल्या पडद्यांकडे, म्हणजे रोलर की हनीकोंब या तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळते. याचं निम्मं उत्तर गुरुत्वाकर्षण देतं. भिंतीतल्या खिडकीवर रोलर सरळ राहतो तो खालच्या पट्टीच्या वजनामुळे. छतात ते वजन ओढायला नसतं, उलट सगळं कापड खाली झोल देतं. म्हणून आडव्या रोलरला दोन्ही टोकांनी ओढ लागते: एका टोकाला गुंडाळणारी नळी, दुसऱ्या टोकाला स्प्रिंग किंवा तार, आणि दोन्ही कडांना रूळ. १ मीटरच्या चौकोनात हे छान चालतं. २ मीटरच्या लांबीला रोलर घ्यायचाच असेल, तर कडा रुळात अडकून राहणाऱ्या, चेन (झिप) शिवलेल्या कापडाचा घ्या. नुसत्या दोन तारांवर सरकणारा रोलर पहिला उन्हाळा जाईपर्यंत मध्ये पोट काढतो. दुकानात उभ्या टांगलेल्या नमुन्यावरून हे कधीच कळत नाही. दुकानदाराला नमुना आडवा धरून दाखवायला सांगा, लगेच खरं काय ते कळेल.

हनीकोंब किंवा साधा चुण्यांचा पडदा ताणलेल्या दोऱ्यांवर सरकतो, वजनाला हलका असतो आणि चुणीमुळे त्याच्या अंगात थोडा ताठपणा असतो. आडव्या जागेसाठी ही रचना मुळातच सोयीची आहे. त्याच्या पट्ट्या काचेच्या आखूड बाजूला समांतर ठेवा, म्हणजे तुमच्या मोठ्या काचेत पट्टी १ मीटरची आणि सरकणं २ मीटरचं. उलटं केलं तर २ मीटरची पट्टी मध्ये वाकेल. हनीकोंबच्या कप्प्यांत कोंडलेली हवा थंडीत उष्णता धरून ठेवते, आणि कप्प्याच्या आत चंदेरी अस्तर असलेला प्रकार ब्लॅकआउटचंही काम करतो.

मग हनीकोंबला नावं का ठेवतात? किडे. छतातल्या काचेकडे रात्री दिव्यामुळे चिलटं आणि पाखरं जातात, तिथेच मरतात आणि पडद्याच्या पाठीवर पडतात. कप्पे दोन्ही टोकांना उघडे असतात, त्यातही शिरतात. एरवी दिसत नाही, पण सकाळी ऊन मागून आलं की फिकट कापडावर राईच्या दाण्याएवढे काळे ठिपके खालून स्पष्ट उमटतात, आणि जेवताना मान वर केली की नेमके तेच दिसतात. पडदा पूर्ण उघडून गोळा झालेल्या चुण्यांची थप्पी झटकता येते, पण कप्प्यातला किडा काढायला पडदा उतरवून टोकाकडून हवा मारावी लागते. म्हणून तुमच्या टेबलावरच्या, उघडणाऱ्या काचेला मी हनीकोंबऐवजी एकपदरी चुण्यांचा पडदा लावेन. थंडीत थोडी ऊब कमी मिळेल, पण तो पुसता येतो. स्वयंपाकाचा धूर तिथपर्यंत पोचत असेल तर हे आणखीच महत्त्वाचं, कारण तेलकट धूळ बसलेला हनीकोंब साफ होत नाही, नवा आणावा लागतो. कीटकजाळी बसवता आली तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या पात्यांचे पडदे आणि घड्या पडणारे रोमन पडदे छताला लावण्याच्या भानगडीत पडू नका. दोन काचांच्या मधले पडदे देखणे असतात आणि त्यांच्यावर धूळ बसत नाही, पण ते काचेसोबतच घ्यावे लागतात. तुमची काच बसून झाली आहे.

टीव्हीवरच्या चकाकीबद्दल एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. फिकट, अर्धपारदर्शक कापड ऊन अडवत नाही, ते ऊन सगळीकडे पसरवतं. छतातला तो चौकोन मग स्वतःच एक मोठा दिवा होतो आणि टीव्हीच्या पडद्यात त्याचं प्रतिबिंब दिसतं. गडद विणीचं कापड कमी उजळतं, पण आत लावलं तर जास्त तापतं. यावर तोड म्हणजे दुरंगी कापड: काचेकडून पांढरं किंवा चंदेरी, खोलीकडून करडं. तुमच्याकडे मोठ्या काचेवर बाहेरची जाळी आली तर ती गडद घ्यायलाही हरकत नाही, कारण तिची धग बाहेरच राहते. चकाकी आणि उकाडा दोन्ही एकाच जाळीत भागतात ते असे.

पहाटेच्या उजेडाचं मात्र जाळीनं भागणार नाही. आणि ब्लॅकआउट कापड घेतलं म्हणजे अंधार झाला असंही नाही. कापडातून उजेड येत नाही, तो कडांतून येतो, आणि चारी बाजूंनी बोटभर फट असली तरी झोपलेल्याच्या तोंडावर प्रकाशाची चौकट उमटते. कडांना खोबण असलेले रूळ आणि बंद होताना पट्टी जिच्या आत शिरते अशी शेवटची बैठक, या दोन गोष्टी नसतील तर ब्लॅकआउटचे पैसे देऊ नका. पाहुणे वर्षातून कितीदा येतात हेही स्वतःला विचारा. त्या चार रात्रींसाठी छत बदलण्यापेक्षा त्यांना दुसऱ्या खोलीत झोपवणं सोपं असतं.

काचेच्या सुरक्षिततेचंही बघा. पडदा आणि काच यांच्यातली हवा दुपारी ६० अंशांच्या वर सहज जाते. साधी काच एका भागात तापली आणि दुसऱ्या भागात गार राहिली की सुमारे ४० अंशांच्या फरकाला तडकू शकते. टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली काच २०० अंशांच्या आसपास फरक सोसते. त्यामुळे काच टफन्ड नसेल, तर कडक उन्हात पडदा अर्धा ओढून ठेवू नका, कारण अर्धी काच तापलेली आणि अर्धी तुलनेनं गार ही सगळ्यात वाईट स्थिती. कापड आणि काचेत निदान ५० मिलिमीटर अंतर ठेवा.

चालवायचा कसा? छत उंच असतं, त्यामुळे दांड्यानं ओढायचा पडदा पहिला महिनाभर रोज ओढला जातो आणि मग कायमचा एकाच जागी राहतो. म्हणून मी मोटरच्या बाजूची आहे. प्लास्टर व्हायच्या आधी विचारलं असतंत तर वायर टाका म्हटलं असतं. तरी उघडणाऱ्या काचेपर्यंत तिच्या मोटरची वायर आलेलीच आहे. तीच ओळ पडद्यालाही चालेल का हे इलेक्ट्रिशियनला पाहू द्या. काही मोटरी २४ व्होल्टवर चालतात, काही थेट घरच्या पुरवठ्यावर, आणि हे परस्पर बदलून चालत नाही. बॅटरीची मोटर घेतलीत तर बॅटरी कुठे बसते ते विचारा. लिथियमच्या बॅटऱ्या साधारणपणे ४५ अंशांच्या वर चार्ज करायच्या नसतात, आणि काही पडद्यांत ती नेमकी काच आणि कापडाच्या मधल्या त्या भट्टीत बसवलेली असते. वरून सौर पट्टीनं चार्जिंगही दुपारीच होतं. पडद्याच्या खालच्या बाजूला, खोलीच्या हवेत बसणारी बॅटरी घ्या. सौर पट्टी काचेच्या आत लावणार असाल, तर ऊन अडवणाऱ्या काचेमागे ती फार हळू चार्ज होते हेही लक्षात ठेवा. आणि घरात लहान मूल असेल तर लोंबणाऱ्या दोऱ्या किंवा साखळ्यांचा पडदा कुठल्याही किमतीला नको, गळफासाचा धोका खरा आहे.

उघडणाऱ्या काचेत आणखी एक अडचण असते. तिला ढकलणारी साखळीची मोटर फ्रेमच्या आतल्या कडेला असते आणि पडद्याच्या रुळाला तीच जागा हवी असते. त्या मोटरचा पुढे आलेला भाग मोजा आणि पडदा तिच्या खालून जाईल इतका खाली घ्या. शिवाय कडांना रूळ असलेला पडदा बंद केला की खिडकी उघडी असली तरी गरम हवा वर जाऊ शकत नाही. म्हणून दुपारी पडदा बंद, आणि ऊन कललं की पडदा उघडून मग खिडकी उघडायची. रिमोटवर दोन्ही एकत्र बसवून मिळत असेल तर तसा क्रम लावून घ्या.

थंड हवामानात रात्री घट्ट बंद पडद्यामुळे काच आणखी गार होते, जेवणघरातली वाफ तिच्यावर दव होऊन बसते आणि थेंब कापडावर पडून पिवळसर डाग पडतात. पडदा रात्री दोन बोटं उघडा ठेवणं आणि सकाळी पूर्ण उघडणं एवढ्यानं बहुतेक वेळा भागतं.

मापं स्वतः घेणार असाल तर रुंदी तीन ठिकाणी घ्या आणि सगळ्यात कमी आलेलं माप धरा. दोन्ही कर्णही मोजा. कर्णांत १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर चौकोन तिरका आहे आणि रुळाचा पडदा कोपऱ्यात अडेल. अशा वेळी पडदा काचेखालच्या खाचेच्या आत बसवण्यापेक्षा खालून, छताच्या पातळीवर लावा. दिलेलं माप खाचेचं आहे की पडद्याचं हे ऑर्डरवर लिहून घ्या, कारण वजावट (पडदा खाचेत अडू नये म्हणून मापातून थोडं कमी करणं) कारखाना करतो की तुम्ही, यावरून भांडणं होतात.

तर तुमच्या जागी मी आधी फक्त मोठ्या काचेला बाहेरची गडद जाळी लावेन आणि टेबलावरच्या काचेला आतून चंदेरी पाठीचा, एकपदरी, रुळांचा चुण्यांचा पडदा. दुकानदाराचा रोलर नाही. मोठ्या काचेला आतून ब्लॅकआउट लागतो का ते एक उन्हाळा काढून ठरवा. ऑर्डर देण्याआधी मला दोन गोष्टी कळवा: छतावर शिडीनं सुरक्षित जाता येतं का, आणि काचेच्या कोपऱ्यात छापलेल्या बारीक शिक्क्यावर काय लिहिलं आहे. काच टफन्ड आहे की लॅमिनेटेड (दोन काचा मध्ये प्लास्टिकचा थर घालून चिकटवलेली) ते बहुतेक वेळा तिथेच कळतं. लॅमिनेटेड असली तर मधला थर जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवतो, तेव्हा सोफ्याचं कापड विटेल म्हणून जास्तीचा पडदा कुणी गळ्यात मारत असेल तर तो घेऊ नका. उरलेलं विटणं दिसणाऱ्या उजेडानं होतं आणि ते जाळी बरंच कमी करेल.